गावात घर बांधताना : बांधकाम परवानगीचा अर्ज, पहिल्या कागदापासून नमुना ८ च्या नोंदीपर्यंत

नोकरीनिमित्त पंचवीस-तीस वर्षे शहरात काढून गावी परतणारी माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात घराचा सुरेख नकाशा असतो. ओसरी कुठे, देवघर कुठे, विहीर कोणत्या खिडकीतून दिसेल हे सारे ठरलेले असते. मात्र जमिनीचा सातबारा शेवटचा कधी पाहिला असे विचारले की शांतता पसरते. गेली अनेक वर्षे तालुक्याच्या गावी बांधकाम परवानगीची प्रकरणे तयार करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे : परवानगी अडते ती घराच्या नकाशावरून क्वचित, जमिनीच्या कागदावरून नेहमी. अर्ज दाखल करण्याआधीची तयारी नीट झाली, तर पुढचे काम पुष्कळ सरळ होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात स्वतःच्या राहत्या घरासाठी पहिल्यांदाच परवानगी मागणाऱ्यांसाठी ही तयारी आणि पुढचा सगळा क्रम येथे मांडत आहे.

जागा पांढरीत की काळीत

आपल्याकडे गावाची जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखली जाते. घरे वसली ती पांढरी आणि पिके निघतात ती काळी. आजच्या कायद्याच्या भाषेत पांढरी म्हणजे गावठाण, आणि बाकीचे शेताचे गट. पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण परवानगी कोणाकडे मागायची, कोणते कागद लागतील आणि किती दिवस जातील, हे तिन्ही त्याच्या उत्तरावर ठरते. जागा वाडीवर आहे आणि आजूबाजूला दहा घरे उभी आहेत, एवढ्यावरून ती गावठाणात आहे असे समजू नये. अनेक वाड्या आणि वस्त्या शेतजमिनीवरच उभ्या आहेत आणि कागदोपत्री त्या आजही काळीतच आहेत. खात्री करण्यासाठी गाव नकाशा पाहावा. तो महाभूनकाशा या संकेतस्थळावर दिसतो आणि त्याची अधिकृत प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. त्यावर गावठाणाची हद्द दाखवलेली असते.

गावठाणातल्या घरांच्या बाबतीत आणखी एक अडचण पिढ्यान्‌पिढ्या होती. नगर भूमापन झालेल्या मोठ्या गावांत मिळकत पत्रिका असे, पण लहान गावांत घराच्या जागेला ग्रामपंचायतीच्या कर नोंदीपलीकडे कागदच नसे. ड्रोनने गावठाणांची मोजणी करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केल्यावर हे काम सर्वत्र पसरले. आपल्या गावात ही मोजणी झाली असेल, तर जागेची सनद आणि मिळकत पत्रिका काढून घ्यावी व तिच्यावरील क्षेत्र आपल्या ताब्यातील जागेशी ताडून पाहावे. चूक असल्यास ती दुरुस्त करण्याची वेळ हीच आहे, घर बांधून झाल्यावरची नव्हे.

कागद वाचायला शिकावे

जागा शेतगटात असेल, तर सातबारा उतारा, खाते उतारा म्हणजे ८-अ, आणि सातबाऱ्यावर ज्यांचे क्रमांक लिहिले आहेत ते सगळे फेरफार काढावेत. नुसता सातबारा पुरत नाही. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि काकांच्या नावावर जमीन कशी आली, वाटप नोंदणीकृत दस्ताने झाले की तहसीलदारांच्या आदेशाने की केवळ तोंडी, हे फेरफारावरून कळते. तोंडी वाटप घरच्यांना मान्य असते, पण परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर सातबाऱ्यावरील प्रत्येक नाव हे त्या जमिनीच्या कणाकणाचे सहहिस्सेदार असते. अशा वेळी सगळ्यांची संमती मुद्रांक कागदावर घ्यावी लागते, किंवा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली रीतसर वाटप करून घ्यावे लागते. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या यांची नावे वारस नोंदीत असतात आणि त्यांचा हक्क खरा असतो. त्यांना शेवटी सही मागण्यापेक्षा आधी विश्वासात घेणे केवळ सोयीचे नाही, तर न्यायाचे आहे.

सातबाऱ्यावर तीन ठिकाणी नजर थांबली पाहिजे. भूधारणा पद्धतीपुढे भोगवटादार वर्ग-१ लिहिले असेल, तर जमिनीवर तुमचा मोकळा हक्क आहे. वर्ग-२ असेल, तर ती इनाम, वतन, कूळकायदा किंवा शासनाने वाटप केलेल्या जमिनींपैकी काही असते आणि तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय पाऊल टाकू नये. दुसरी जागा म्हणजे इतर हक्काचा रकाना. कुळाचे नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, पुनर्वसनासाठी हस्तांतरणावर घातलेली बंदी, खाजगी वनाची नोंद, या सगळ्या गोष्टी तिथे लिहिलेल्या सापडतात. जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध लागू होतात. तिसरी जागा क्षेत्राची : हेक्टर, आर आणि चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गावात बोलीतला एक गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर. व्यवहार गुंठ्यात बोलला जातो आणि कागद आरमध्ये लिहिला जातो, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

यानंतर मोजणी. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा. तो आता ई-मोजणी प्रणालीत ऑनलाइन भरता येतो, आणि नियमित व द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असते. त्यांनी हजर राहावे म्हणून आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगावे. मोजणी झाल्यावर मिळणारी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हा तुमच्या प्रकरणातला कणा आहे, कारण अभियंता पुढे सगळी अंतरे तिच्यावरूनच धरतो. माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी वडिलांनी लावलेल्या बाभळींची रांग हीच हद्द असे आम्ही सारे धरून चाललो होतो. मोजणीत ती शेजाऱ्यांच्या बाजूला चार हात सरकलेली निघाली. पाया खोदलेला नव्हता, म्हणून शेजारच्या काकांशी असलेला घरोबा टिकला. मोजणीनंतर हद्दीवर दगड पुरून घ्यावेत आणि मोबाईलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

जमीन काळीत असेल तर

शेतजमिनीवर घर बांधण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेतून झोन दाखला घ्यावा. प्रादेशिक योजनेत तुमचा गट रहिवास विभागात आहे, शेती विभागात आहे की वन किंवा अन्य विभागात, हे त्यात लिहिलेले असते. गट रहिवास विभागात असेल, तर निवासी बांधकामाची वाट मोकळी आहे. शेती विभागात असेल, तर तिथे गावठाणापासूनच्या अंतरानुसार काही ठिकाणी अधिमूल्य भरून निवासी वापर अनुज्ञेय होतो, आणि काही ठिकाणी केवळ शेतघर बांधता येते.

त्यानंतर अकृषिक वापराचा प्रश्न येतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२ नुसार शेतजमिनीच्या अकृषिक वापरासाठी परवानगी लागे आणि कलम ४४ मध्ये तिची पद्धत दिलेली आहे. पुढे शासनाने ४२-अ, ४२-ब, ४२-क आणि ४२-ड ही कलमे घालून हा टप्पा पुष्कळ सोपा केला. यातील ४२-ड खेड्यातल्या माणसाच्या सर्वाधिक उपयोगाचे आहे : गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, रूपांतरण कर व इतर देय रकमा भरल्यावर, निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. मात्र वर्ग-२ ची जमीन असल्यास आधीची मंजुरी सुटत नाही. या कलमांत शासन वेळोवेळी बदल करत आले आहे आणि बदलांचा रोख हा टप्पा कमी करण्याकडेच आहे; म्हणून तीन वर्षांपूर्वी घर बांधलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये आणि तहसील कार्यालयात आज कोणती पद्धत चालू आहे हे अर्जाच्या वेळी विचारून घ्यावे.

शेतघर ही वेगळी गोष्ट आहे. स्वतःची शेती कसणाऱ्याला शेतीच्या सोयीसाठी घर बांधण्याची मुभा कायद्याने दिली आहे; पण शहरी क्षेत्रांच्या आसपास आणि नियोजनाखालील शेती विभागात त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० आर क्षेत्राची अट आहे, आणि त्यावर बांधता येणाऱ्या क्षेत्रालाही मर्यादा आहे. शेतघराच्या नावाखाली सुट्टीतले भाड्याचे बंगले उभे राहताना मी पाहिले आहेत. पुढे वापरात बदल केल्याबद्दल जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४५ खाली दंडाची नोटीस येते, तेव्हा कागदावरचा ‘शेतघर’ हा शब्द मालकाच्या मदतीला येत नाही.

आता फसगतीबद्दल. गावाबाहेर रस्त्यालगत ‘एक गुंठा, दोन गुंठे, तत्काळ ताबा’ अशा पाट्या दिसतात. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सर्वसाधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो; कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे कलम ६३ तसे सांगते. याशिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या प्रमाणभूत क्षेत्रानुसार बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीसाठी २० आर आणि बागायतीसाठी १० आर यापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. अशा पाटीवरून घेतलेल्या दोन गुंठ्यांवर खरेदीदाराचे नाव अनेकदा सामाईकात लागते, रेखांकन, म्हणजे भूखंड पाडल्याचा नकाशा, मंजूर नसते, आणि मग त्या जागेवर घराची परवानगी मागायला तो आला की त्याला परत पाठवण्यावाचून माझ्यासारख्याच्या हाती काही उरत नाही. आयुष्याची पुंजी त्यात गेलेली असते. विसार देण्याआधी मंजूर रेखांकनाची प्रत, अकृषिक आदेश किंवा सनद आणि स्वतंत्र सातबारा, हे तीन कागद मागावेत. त्यातला एकही नसेल, तर जमीन कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

जागेला वाट आहे का, हेही याच वेळी पाहावे. शेतावर जाण्यासाठी तहसीलदारांनी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून दिलेला रस्ता शेतीच्या वहिवाटीसाठी असतो. बैलगाडी जाते म्हणून तो घराच्या परवानगीसाठी पुरेसा रस्ता ठरतोच असे नाही. रस्त्याची नोंद, रुंदी आणि हक्क कागदावर दाखवता आले पाहिजेत.

परवानगी कोण देते

येथे दोन कायदे एकत्र चालतात आणि योगायोगाने दोन्हींत कलम ५२ आहे, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून इमारत उभारता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ५२ मात्र विनापरवाना बांधकामाच्या शिक्षेचे आहे, आणि त्यात कारावासाचीही तरतूद आहे. याच दुसऱ्या कायद्याच्या कलम १८ खाली प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातील परवानग्या दिल्या जातात. ढोबळमानाने सांगायचे, तर गावठाणातल्या घराचा अर्ज ग्रामपंचायतीकडे आणि गावठाणाबाहेरच्या घराचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो, आणि तिथे नगररचना विभाग तांत्रिक छाननी करतो.

याला मोठे अपवाद आहेत. पुण्याभोवतीची शेकडो गावे पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, अखत्यारीत आहेत, पनवेलच्या बाजूची अनेक गावे नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्रात आहेत, आणि सातारा जिल्ह्यातील नवीन महाबळेश्वर प्रकल्पाच्या गावांसाठी रस्ते विकास महामंडळ हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. अशा गावांत सरपंचांनी दिलेला दाखला बांधकाम परवानगी होत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपण आजवर ग्रामसेवक म्हणत आलो त्यांना, पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारावा : ‘आपल्या गावाचे नियोजन प्राधिकरण कोणते?’

बांधकामाचे नियम मात्र आता पुष्कळसे एकसारखे झाले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळेजण यूडीसीपीआर म्हणतात, बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून राज्यभर चालते. लहान घरांसाठी तिने मोठी सोय केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावरील घरासाठी मालकीचे कागद, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र सादर करून शुल्क भरले की त्याची पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत, याच कागदांवर दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, द्यावे असे आहे. ग्रामविकास विभागाने २०२१ च्या सुरुवातीला हीच सवलत ग्रामपंचायत क्षेत्रासाठी जाहीर केली आणि एवढ्या घरांसाठी नगररचनाकाराच्या वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाही.

या सवलतीचा अर्थ अनेकांनी ‘आता परवानगी लागत नाही’ असा घेतला आहे. तो चुकीचा आहे. कागद सादर करावेच लागतात, शुल्क भरावेच लागते, सामासिक अंतरे, म्हणजे घर आणि हद्द यांमधली मोकळी जागा, सोडावीच लागतात आणि झोन बदलत नाही. बदललेली गोष्ट एवढीच, की छाननीची जबाबदारी कार्यालयाकडून तुमच्या अभियंत्याच्या सहीवर आली आहे. ती सही खोटी ठरली, तर बांधकाम अनधिकृत होते.

जागेभोवतीची बंधने

स्वतःच्या जमिनीवर उभे राहून चारी बाजूंना पाहावे. नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल, तर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा तपासाव्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही; निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे, तर जोता लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच घ्यावा लागतो. कृष्णा-पंचगंगेकाठच्या लोकांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जे भोगले, त्यानंतर या रेषांना कागदी अडथळा म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

रस्त्याच्या बाजूला घर असेल, तर सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडून बांधायचे ते, पाहावे. रस्त्याचा दर्जा जसा वाढतो तसे हे अंतर वाढते. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचे ना-हरकत पत्र लागते. वीजवाहिनीच्या बाबतीत ११ केव्हीच्या तारेपासून आडवे १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर अंतर सुटले पाहिजे, आणि ३३ केव्हीच्या तारेपासून आडवे २ मीटर. गच्चीवर उभा राहणारा माणूस आणि त्याच्या हातातली लोखंडी सळई हिशेबात धरून ही अंतरे ठरलेली आहेत. किनाऱ्यालगतच्या गावांत सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात.

किल्ल्याच्या पायथ्याच्या गावांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गड किंवा लेणे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्वाच्या सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी आवश्यक आहे. घराची दुरुस्तीसुद्धा यात येते.

जागेवर झाड असेल, तर १९६४ चा झाडतोड नियमन कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, हिरडा अशी झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शक्य असेल तर घराचा कोपरा दोन हात सरकवावा. आंब्याची सावली पुन्हा मिळायला पंधरा वर्षे लागतात.

नकाशा आणि अभियंता

नकाशा परवानाधारक अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून करून घ्यावा आणि त्याच्या परवान्याची मुदत पाहावी. इमारतीचा नकाशा १ : १०० या प्रमाणात असतो, नवे काम लाल रंगाने भरतात, पाडायचे जुने काम पिवळ्या तिरक्या रेघांनी दाखवतात, भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने. जागेचा नकाशा ‘क’ प्रतीशी तंतोतंत जुळला पाहिजे. चतुःसीमा, रस्त्याची रुंदी, उत्तर दिशा, विहीर किंवा बोअर, शौचटाकी आणि शोषखड्डा हे सारे त्यावर असावे. शौचटाकीचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर दूर ठेवावा. लहान जागेत हे बसवणे कठीण जाते, म्हणून घराची जागा ठरवण्याआधी टाकीची आणि खड्ड्याची जागा ठरवावी.

संरचनेच्या नकाशावर पैसे खर्च करायला लोक नाखूश असतात. गवंडी अनुभवी आहे, त्याने गावात चाळीस घरे बांधली आहेत, असे सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे कोसळली तीही अनुभवी हातांनीच बांधलेली होती : मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर माळवदाचे प्रचंड ओझे. तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. हजारो माणसे झोपेत गेली. लहान बैठ्या घरालाही जोत्याच्या, दाराखिडक्यांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर सलग पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्या, तर भिंती एकमेकींना धरून राहतात. त्यासाठी लागणारा वाढीव खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र प्रकरणाला जोडायचा एक कागद म्हणून घेऊ नये. त्याने काढलेला सळयांचा तपशील कामावर गवंड्याच्या हातात असावा.

अर्ज दाखल करणे

प्रकरणात साधारणपणे विहित नमुन्यातील अर्ज, तीन महिन्यांच्या आतील सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, ‘क’ प्रत, झोन दाखला, अकृषिक आदेश किंवा सनद, लागू असतील ती ना-हरकत पत्रे, सहहिस्सेदारांची संमती, नकाशाच्या प्रती, अभियंत्याचे नेमणूक पत्र व प्रमाणपत्र, आणि ग्रामपंचायतीच्या कराची थकबाकी नसल्याचा दाखला, एवढे असते. सगळ्या कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे का हे तपासावे. सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि आधार पत्रावर ‘बाळासाहेब’ असे असेल, तर प्रतिज्ञापत्र आधीच जोडावे. ही लहान दिसणारी बाब सर्वाधिक त्रुटीपत्रांचे कारण ठरते.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेपासून चालतो. छाननी शुल्क आणि विकास शुल्क चलनाने भरावे. बांधकाम कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर असतो. ठरावीक खर्चाच्या आतील स्वतःच्या राहत्या घराला त्यातून सूट आहे, ती आपल्याला लागू होते का ते विचारावे. पैसे भरल्याची प्रत्येक पावती फाईलमध्ये लावावी. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा आणि मागणी लेखी द्यावी असे म्हणावे.

त्रुटीपत्र आले, तर घाबरण्याचे कारण नाही. त्यातील प्रत्येक मुद्द्याला क्रमांकानुसार लेखी उत्तर द्यावे आणि सगळी पूर्तता एकदाच करावी. तुकड्यातुकड्याने कागद दिल्याने प्रकरण पुन्हापुन्हा टेबलाच्या तळाशी जाते. नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, पण ती नियमांत काटेकोरपणे बसणाऱ्या प्रस्तावालाच लागू पडते. तिच्या भरवशावर पाया खोदण्याचा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही. महिना उलटूनही हालचाल नसेल, तर लेखी स्मरणपत्र द्यावे, आणि त्यानंतरही शांतता असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करून प्रकरण कोणत्या टेबलावर किती दिवस आहे ते विचारावे; त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. नकार मिळाल्यास कारण लेखी घ्यावे, कारण अपील त्या कारणावरच लढावे लागते.

परवानगी हातात आल्यावर

प्रारंभ प्रमाणपत्रावरच्या अटी पूर्ण वाचाव्यात. परवानगी एका वर्षासाठी असते आणि दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत वाढवता येते; मुदतीत काम सुरू केले असेल, तर यूडीसीपीआरप्रमाणे पुन्हा नूतनीकरण लागत नाही. म्हणून काम सुरू करताना तशी लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच ठेवावी. मंजूर नकाशाची एक प्रत कामावर असावी. मुरूम आणि वाळू आणणाऱ्या गाडीकडून वाहतुकीचा परवाना मागून घ्यावा, नाहीतर गौण खनिजाच्या दंडाची नोटीस जमीनमालकाच्या नावाने येते.

आखणीच्या दिवशी अभियंता जागेवर हवाच. जोता पूर्ण झाल्यावर सामासिक अंतरे पुन्हा मोजून त्याच्याकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे, कारण एखादा फूट चुकला असेल, तर तो जोत्यावर दुरुस्त होतो, स्लॅब पडल्यावर होत नाही. काम चालू असताना वरची खोली वाढवावीशी वाटली किंवा जिना बाहेर काढावासा वाटला, तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा.

घर पूर्ण झाल्यावर अभियंत्याच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे घर वापरण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करावा. गावाकडे वास्तुशांत झाली की लोक राहायला जातात आणि हा कागद राहून जातो; पुढे बँकेचे कर्ज, विक्री किंवा वाटणीच्या वेळी तो शोधला जातो, तेव्हा नकाशा काढून देणारा अभियंताही हयात नसतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची प्रत ग्रामपंचायतीला देऊन नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, घराची नोंद करून घ्यावी, आणि ती शक्य तेथे पती-पत्नी दोघांच्या नावाने करावी. नोंद झाल्यावर उतारा काढून नाव, क्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार, पक्के की कच्चे, एवढे तिथेच उभे राहून तपासावे. मग सगळी कागदपत्रे, मोजणीच्या ‘क’ प्रतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत, एका फाईलमध्ये लावून ती घरातल्या धाकट्या माणसालाही कुठे आहे ते सांगून ठेवावी.